यंत्र कुणी निवडायचं? : बोलता न येणाऱ्यांच्या संवादसाधनांचा इतिहास



बोलता न येणारा माणूस म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कर्णबधिर व्यक्ती येते आणि तिची खुणांची भाषा येते. आजचा विषय त्याहून थोडा वेगळा आहे. मी ज्यांच्याबद्दल बोलणार आहे त्यांना ऐकू येतं, समजतं, सांगायचंही पुष्कळ असतं. पण जीभ, ओठ, घसा साथ देत नाहीत, आणि अनेकदा हातही साथ देत नाहीत, त्यामुळे खुणा करणंसुद्धा जमत नाही. सेरेब्रल पाल्सी असलेली मुलं, पक्षाघाताने वाचा गेलेली माणसं, मोटर न्यूरॉनचा आजार झालेले लोक, ऑटिझम असलेली काही मुलं, असा हा मोठा समूह आहे. २०११ च्या जनगणनेत वाचेचं अपंगत्व असलेल्या सुमारे २० लाख माणसांची नोंद भारतात झाली.

या माणसांसाठी गेल्या शंभर वर्षांत पाट्या झाल्या, चिन्हं झाली, बोलणारी यंत्रं झाली, आता टॅबलेट आहेत. हा इतिहास सहसा शोधांचा म्हणून सांगितला जातो. मी आज प्रत्येक टप्प्यावर दोन साधे प्रश्न विचारणार आहे. हे साधन निवडलं कुणी? आणि त्यावर काय बोलता येईल, हे ठरवलं कुणी? आज ज्या घरात असं साधन निवडण्याची वेळ आली आहे, त्या घराला या दोन प्रश्नांचा उपयोग होईल असं मला वाटतं.

सुरुवात पाटीपासून करू. १९२० च्या दशकात अमेरिकेत मिनेसोटामध्ये एफ. हॉल रो नावाचे गृहस्थ होते. त्यांना सेरेब्रल पाल्सी होती. त्यांच्या वापरातून एक पाटी तयार झाली, तिच्यावर इंग्रजी मुळाक्षरं आणि नेहमी लागणारे शब्द छापलेले. बोट ठेवायचं, समोरच्याने वाचायचं. पुढे एका स्थानिक मंडळाने ती छापून इतरांना वाटली. मोठ्या प्रमाणावर वापरली गेलेली ही पहिली संवादपाटी मानतात. तिच्यावर कोणते शब्द असावेत हे वापरणाऱ्याच्या गरजेतून ठरलं, ही गोष्ट लक्षात ठेवा. आणि जे शब्द नव्हते त्यांच्यासाठी मुळाक्षरं होती. म्हणजे रो यांना कुणीही आधी कल्पना न केलेलं वाक्य बोलता येत होतं. वीज नाही, बॅटरी नाही, पण बोलण्याला कुंपण नाही.

आता १९६० मध्ये इंग्लंडला जाऊ. स्टोक मँडविल रुग्णालयात मज्जारज्जूला इजा झालेले रुग्ण असत. काहींची मानेखालची हालचाल पूर्ण थांबलेली. रेज मेलिंग नावाचा माणूस तिथे जात असे. त्याच्या लक्षात आलं की यातल्या काही रुग्णांना कुणाला बोलवायचं तर शिट्टी किंवा घंटा एवढंच साधन आहे. त्याने तोंडात धरायच्या नळीवर चालणारं यंत्र बनवलं. नळीतून हवा ओढायची किंवा फुंकायची, आणि तेवढ्यावर दिवा, रेडिओ, घंटा चालवायची. पुढे त्यालाच टाइपरायटर जोडला गेला. यंत्राच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘पॉसम’ म्हणू लागले. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ होतो ‘मी करू शकतो’. श्वासावर टाइप करणं फार संथ असतं. पण शिट्टी वाजवणारा माणूस फक्त ‘या’ म्हणू शकतो, आणि टाइप करणारा माणूस ‘या’ नंतर ‘कशासाठी’ हेही सांगू शकतो.

याच सुमारास काही साधनं अशाही माणसांकडून आली, ज्यांची स्वतःचीच वाचा गेली होती. टोबी चर्चिल हा इंग्लंडमधला अभियांत्रिकीचा विद्यार्थी. १९६८ मध्ये त्याला मेंदूचा दाह झाला आणि बोलणं गेलं. त्याने स्वतःसाठी ‘लाइटरायटर’ हे यंत्र बनवलं. छोटा कीबोर्ड, त्यावर टाइप केलं की अक्षरं पडद्यावर उमटतात. पुढे याला दुसरा पडदा आला, तो समोरच्या माणसाच्या बाजूला. वरकरणी ही लहानशी सोय वाटते. पण पाटी वापरणाऱ्याशी बोलताना ऐकणारा त्याच्या खांद्यामागे उभा राहतो आणि दोघांचीही नजर पाटीवर असते. दोन पडदे आले की दोघं समोरासमोर बसून एकमेकांच्या चेहऱ्याकडे बघत बोलू शकतात. अशी गरज टेबलामागे बसलेल्या संशोधकाला सहसा सुचत नाही, रोज वापरणाऱ्याला सुचते.

या यंत्राचा धागा मुंबईपर्यंत येतो. मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली, ती मुलगी मालिनीच्या सेरेब्रल पाल्सीच्या अनुभवातून. मालिनी चिब पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातून पदवीधर झाल्या, इंग्लंडमध्ये शिकल्या, आणि करंगळीने एकेक अक्षर टाइप करून आत्मचरित्र लिहिलं. ‘वन लिटल फिंगर’ हे त्याचं नाव. लोकांशी बोलताना त्या लाइटरायटर वापरत.

पण मंडळी, टाइप करायचं तर अक्षरओळख हवी. जे मूल अजून वाचायला शिकलेलं नाही त्याने काय करायचं? इथे या इतिहासातला सगळ्यात विलक्षण माणूस येतो.

चार्ल्स ब्लिस यांचा जन्म १८९७ मध्ये चेर्नोव्हिट्झ इथे झाला. हे गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं, आज युक्रेनमध्ये आहे. ते रसायन अभियंता होते, ज्यू होते. १९३८ मध्ये नाझींनी त्यांना छळछावणीत टाकलं. तिथून सुटल्यावर ते पुढे शांघायला पोहोचले. तिथली चिनी चित्रलिपी पाहून त्यांना वाटलं, भाषाभाषांमधल्या गैरसमजातून द्वेष वाढतो, तर साऱ्या जगाला वाचता येईल अशी चिन्हलिपी का करू नये? युद्धानंतर ऑस्ट्रेलियात स्थायिक होऊन १९४९ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. तिची रचना तर्कशुद्ध होती. हृदयाचं चिन्ह म्हणजे भावना. शेजारी वर जाणारा बाण काढला की आनंद, खाली जाणारा काढला की दुःख. त्यांच्या पत्नीने जगभर हजारो पत्रं पाठवली. कुणी फारशी दखल घेतली नाही.

१९७१ मध्ये कॅनडात टोरोंटोच्या एका अपंग मुलांच्या केंद्रात शर्ली मॅकनॉटन आणि त्यांचे सहकारी सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी काहीतरी शोधत होते. त्या मुलांकडे तोवर वस्तूंची चित्रं होती: पाणी, जेवण, शौचालय. ब्लिसची चिन्हं हाती आली आणि मुलं दोन-तीन चिन्हं जोडून स्वतःचे अर्थ तयार करू लागली. ब्लिस यांना सुरुवातीला अतोनात आनंद झाला. पण मग भांडण सुरू झालं. शिक्षक मुलांच्या सोयीसाठी चिन्हांत बदल करत होते, चिन्हांखाली इंग्रजी शब्द लिहीत होते, मुलांना हळूहळू इंग्रजी वाचनाकडे नेत होते. ब्लिस यांच्या दृष्टीने ही जगाची भाषा होती आणि तिची मोडतोड चालली होती. वाद वकिलांपर्यंत गेला. १९८२ मध्ये समझोता झाला आणि चिन्हं वापरण्याचा हक्क त्या संस्थेकडे कायमचा आला. १९८५ मध्ये ब्लिस वारले.

या भांडणात कुणाला खलनायक करण्याचं कारण नाही. पण आपले दोन प्रश्न लावून बघा. चिन्हांवर हक्क त्यांच्या निर्मात्याचा, की ज्या मुलाला त्यांतून ‘मला राग आलाय’ असं सांगायचं आहे त्याचा? भाषा बोलणाऱ्याची असते, असंच आपण मराठीबद्दल म्हणू. मग इथेही तेच म्हणायला हवं.

आता मधली एक अडचण. १९७० आणि ८० च्या दशकात असं साधन मुलाला द्यायचं की नाही हे तज्ज्ञ ठरवत, आणि त्यासाठी पात्रतेच्या अटी असत. मुलाची बुद्धी अमुक टप्प्याला पोहोचलेली हवी, आधी तोंडी बोलण्याचे प्रयत्न पूर्ण संपलेले हवेत. म्हणजे पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरू द्यायचं नाही. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात डेव्हिड ब्यूकलमन आणि पॅट मिरेंडा यांनी हा प्रश्न उलटा केला. मूल पात्र आहे का हे विचारू नका. त्याच्या वयाची इतर मुलं घरात, वर्गात, मैदानावर कशाकशात भाग घेतात, आणि याला तिथे भाग घेण्यापासून काय अडवतं, ते बघा. अडथळा कधी शरीरात असतो, कधी शिक्षकाच्या सवयीत, कधी शाळेच्या नियमात.

पालकांच्या मनात आणखी एक भीती असते आणि ती आजही आपल्याकडे घरोघर ऐकू येते: यंत्र हातात दिलं तर मूल बोलायचा प्रयत्नच सोडून देईल. २००६ मध्ये आधीच्या अभ्यासांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यातल्या सर्वांत भक्कम पुराव्याच्या २७ व्यक्तींपैकी एकाचंही बोलणं साधनामुळे कमी झालेलं नव्हतं. बहुतेकांचं थोडं वाढलं होतं. वाढ फार मोठी नव्हती, हेही सांगायला हवं. पण थांबून राहण्याचं कारण उरलं नाही.

तोवर यंत्रं बोलू लागली होती. १९७८ च्या सुमारास ‘हँडीव्हॉइस’ नावाचं हातात धरता येणारं बोलकं यंत्र बाजारात आलं. त्याच्या एका प्रकारात प्रत्येक शब्दाला तीन आकडी क्रमांक होता. म्हणजे बोलण्याआधी शेकडो आकडे पाठ हवेत! आवाज मिळाला, पण त्याची किंमत पाठांतरात मोजावी लागली. यावर भाषातज्ज्ञ ब्रूस बेकर यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला वेगळा मार्ग काढला. थोडीच चित्रं ठेवायची आणि प्रत्येकाला अनेक अर्थ द्यायचे. सफरचंदाचं चित्र एका जोडीत ‘खाणं’, दुसऱ्या जोडीत ‘लाल’. शिकायला वेळ लागतो, पण एकदा हात बसला की वेग येतो.

वेग हा शब्द आला की स्टीफन हॉकिंग यांच्याकडे वळायला हवं. १९८५ मध्ये जिनेव्हात असताना त्यांना न्यूमोनिया झाला, श्वासनलिकेला छेद द्यावा लागला आणि उरलंसुरलं बोलणंही गेलं. सुरुवातीला कुणीतरी अक्षरांचा तक्ता धरायचा आणि योग्य अक्षर आलं की हॉकिंग भुवई उंचावायचे. मग कॅलिफोर्नियातले वॉल्ट वॉल्टोझ यांनी आपला संगणक प्रोग्राम त्यांना दिला. तो त्यांनी मुळात आपल्या सासूबाईंसाठी लिहिला होता; त्यांनाही हाच आजार होता. पडद्यावर शब्द सरकत जायचे, हव्या त्या शब्दावर हातातला स्विच दाबायचा. हॉकिंग त्यावर मिनिटाला साधारण १५ शब्द गाठत. आपण सहज बोलतो तेव्हा मिनिटाला शंभराच्या पुष्कळ वर जातो. पुढे हात थकला तेव्हा गालाच्या स्नायूवर स्विच आला, आणि आजार वाढला तसा वेग मिनिटाला एखाद्या शब्दापर्यंत घसरला. मग इंटेलच्या अभियंत्यांनी त्यांच्याबरोबर बसून नवी प्रणाली तयार केली.

त्यांच्या आवाजाची गोष्टही इथे सांगायला हवी. तो यांत्रिक आवाज एमआयटीतले संशोधक डेनिस क्लॅट यांच्या स्वतःच्या आवाजावर बेतलेला होता. क्लॅट यांना कर्करोग झाला, त्यांचाही आवाज शेवटी गेला, आणि १९८८ मध्ये ते वारले. पुढे कितीतरी जास्त नैसर्गिक आवाज आले. हॉकिंग इंग्रज, आणि यंत्राचे उच्चार अमेरिकन. तरी त्यांनी आवाज बदलला नाही, कारण तोच आता त्यांचा आवाज झाला होता. जुनं यंत्र मोडकळीला आल्यावर काही अभियंत्यांनी तोच आवाज नव्या संगणकावर पुन्हा उभा करण्यासाठी कित्येक वर्षं खर्च केली. जानेवारी २००१ मध्ये भौतिकशास्त्राच्या परिषदेसाठी हॉकिंग मुंबईत आले होते, तेव्हा मुंबईकरांनी ऐकला तोही हाच आवाज. तज्ज्ञाला जे साधन मागासलेलं वाटतं, ते वापरणाऱ्याला का हवं असतं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पण हॉकिंग यांच्याभोवती अभियंते होते. बाकीच्यांचं काय? तिथे प्रश्न पैशाचा येतो, आणि पैसे देणारा अनेकदा निवडही करतो. अमेरिकेत मेडिकेअर ही वृद्धांची आणि अपंगांची सरकारी विमा योजना आहे. तिच्या लेखी ही यंत्रं ‘सोयीची वस्तू’ होती, गरज नव्हे. १ जानेवारी २००१ पासून त्यांचा खर्च मिळू लागला, पण अट अशी की यंत्र फक्त बोलण्याचंच हवं. म्हणजे त्याच यंत्रातून ईमेल पाठवता येत असेल तर ती सोय बंद करून द्यायची. समोर बसलेल्याशी बोलण्याला सरकार संवाद मानत होतं, दूरच्या मुलीला पत्र लिहिण्याला नाही! हा नियम सैल व्हायला २०१५ साल उजाडलं.

दरम्यान २००९ मध्ये ‘प्रोलोक्वो टू गो’ नावाचं ॲप आलं आणि पुढच्या वर्षी आयपॅड. जे यंत्र हजारो डॉलरना मिळायचं, त्याचं बरंचसं काम दोनशे डॉलरच्या आतल्या ॲपवर होऊ लागलं. पालक स्वतः निवड करू लागले. ही मोठीच गोष्ट झाली. पण मिळायला सोपं झालं म्हणून निवडायला सोपं झालं, असं नाही. अमेरिकेत १९९३ मध्ये सर्व प्रकारची साहाय्यक साधनं वापरणाऱ्या २२७ प्रौढांचा एक अभ्यास झाला. जवळपास २९ टक्के साधनं टाकून दिलेली आढळली. त्याच्याशी जोडलेल्या कारणांत एक होतं, निवडताना वापरणाऱ्याचं मत विचारात न घेणं. आणि दुसरं, साधन सहज मिळून जाणं. कपाटात पडलेला टॅबलेट तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्याचं स्पष्टीकरण त्या जुन्या अभ्यासात आहे.

वापरणाऱ्याचं मत म्हणताना एक इशाराही द्यायला हवा. १९९० च्या सुमारास ऑस्ट्रेलियातून अमेरिकेत एक पद्धत पोहोचली. मदतनीस मुलाचा हात धरतो आणि मूल टाइप करतं. जी मुलं कधी बोलली नव्हती ती अचानक कविता लिहू लागली. पालकांना काय वाटलं असेल, कल्पना करा. मग चाचण्या झाल्या. मुलाला एक चित्र दाखवलं, मदतनीसाला दुसरं. टाइप झालं ते मदतनीसाने पाहिलेल्या चित्राचं नाव. मदतनीस लबाड नव्हते, त्यांनाही कळत नव्हतं. १९९४ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने ठराव करून ही पद्धत अमान्य केली. म्हणून निवडताना हे पाहायलाच हवं, की उत्तर देताना त्या व्यक्तीचं शरीर, मग ते एक बोट असो, डोळा असो की गाल, दुसऱ्याच्या हाताशिवाय चालतं आहे ना.

आता आपल्याकडे येऊ. भारतात या विषयाला पद्धतशीर बैठक दिली ती कोलकात्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सेरेब्रल पाल्सीने, सुधा कौल यांच्या पुढाकाराने. चेन्नईत अजित नारायणन यांनी विद्यासागर या संस्थेतल्या मुलांबरोबर काम करून २०१० च्या सुमारास ‘आवाज’ हे यंत्र तयार केलं, पुढे त्याचं ॲप झालं. पवईच्या आयआयटी मुंबईत औद्योगिक अभिकल्प विभागाने ‘जेलो’ हे मोफत ॲप बनवलं, ते मराठीतही आहे. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘संवाद’ या शब्दाच्या व्याख्येतच पूरक आणि पर्यायी पद्धतींचा समावेश आहे. म्हणजे कायद्याने पाटीवरचं बोलणं हे बोलणंच ठरवलं.

पण मराठी घरासाठी निवड करताना इंग्रजी साधनाचं नुसतं भाषांतर पुरत नाही. कसं ते बघा. इंग्रजीत ‘आय गो’ कुणीही म्हणेल. मराठीत मुलगा ‘जातो’ म्हणेल, मुलगी ‘जाते’. यंत्रात एकच वाक्य भरलेलं असेल तर निम्मी मुलं दुसऱ्याचंच बोलणं बोलतील. इंग्रजी पाटीवर ‘आंटी’चं एक चित्र असतं, आपल्या घरात मावशी, आत्या, काकू, मामी चौघी समोर बसलेल्या असतात. धाकट्या भावाला ‘दे’ आणि आजोबांना ‘द्या’ म्हणायचं असतं.

लिपीचंही तसंच. ज्याला स्विचवर एकेक अक्षर निवडायचं आहे, त्याच्यासमोर वर्णमाला ‘क’ पासून ओळीने सरकवली तर ‘ह’ तेहतिसावा येतो. आणि ‘आहे’ तर आपल्या जवळजवळ प्रत्येक वाक्यात! पण आपली वर्णमाला मुळातच वर्गांत मांडलेली आहे. पाच-पाचच्या ओळी करा, आधी ओळ निवडायची, मग तिच्यातलं अक्षर. ‘ह’ सातव्या ओळीत तिसरा येतो, म्हणजे दहा पावलांत काम होतं. हा तक्ता करायला कंपनी लागत नाही. पुठ्ठा आणि स्केचपेन पुरतं.

तर मंडळी, निवडण्याची वेळ आली की किंमत आणि मॉडेल यांच्याआधी काही गोष्टी बघाव्यात. या साधनावर न ठरवलेलं वाक्य बोलता येतं का? नवे शब्द घरच्या घरी भरता येतात का? शरीराची कोणती हालचाल संध्याकाळी थकल्यावरही भरवशाची आहे? विकत घेण्याआधी काही आठवडे वापरून बघता येईल का? वीज गेली तर कागदी पाटी तयार आहे का? आणि पाटीवर ‘नको’, ‘थांबा’, ‘मला हे यंत्र आवडत नाही’ हे शब्द आहेत का? ‘पाणी’ आणि ‘शू’ सगळेच ठेवतात. नकाराचा शब्द जिथे नाही, तिथे होकाराला फारसा अर्थ राहत नाही.

एवढं करूनही एक गोष्ट दुकानात मिळत नाही, ती म्हणजे समोरच्याचा वेळ. आता प्रश्नोत्तरं घेऊ. कुणाला पाटीवरून, फोनवरून किंवा यंत्रावरून प्रश्न विचारायचा असेल तर जरूर विचारा. मिनिटाला पाच शब्द आले तरी चालतील. मध्येच कुणी वाक्य पुरं करू नका, एवढीच बाकीच्यांना विनंती.